मित्राचं युद्ध, आपली पलटण

(जाहीर व्याख्यानाचं संपादित शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्य तितका तसाच ठेवला आहे.)

आजचा विषय तसा सरळ आहे. आपला मित्रदेश कुठेतरी लांब युद्धात उतरलाय. तो म्हणतो, या, आमच्या बरोबर उभे राहा. जायचं की नाही? आणि हे ठरवायचं कोणी? याचं उत्तर आपण एका देशाच्या एका निर्णयातून शोधणार आहोत. देश ऑस्ट्रेलिया, साल १९६५, युद्ध व्हिएतनामचं.

पण सुरुवात त्याआधी २६ वर्षं मागे जाऊन करतो. तारीख ३ सप्टेंबर १९३९. त्या दिवशी ब्रिटननं जर्मनीविरुद्ध युद्ध पुकारलं. ऑस्ट्रेलियाचे पंतप्रधान रॉबर्ट मेन्झिस रेडिओवर आले आणि त्यांनी जनतेला सांगितलं, की ब्रिटन युद्धात उतरलाय आणि म्हणून ऑस्ट्रेलियाही युद्धात आहे. त्या 'म्हणून'कडे जरा लक्ष द्या. मध्ये काही नाही. संसदेत चर्चा नाही, ठराव नाही. त्याच दिवशी आपल्याकडे व्हाइसरॉय लिनलिथगो यांनीही जाहीर केलं, की हिंदुस्थान युद्धात आहे. त्यांनीही कोणाला विचारलं नव्हतं. पण आपल्याकडे त्यावर काहूर उठलं. प्रांतांतल्या काँग्रेस मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले. मुंबई प्रांतात बाळासाहेब खेर यांचं मंत्रिमंडळ दोन महिन्यांच्या आत बाहेर पडलं. भांडण नाझींच्या बाजूनं की विरुद्ध, याचं नव्हतं. भांडण होतं ते, आम्हाला न विचारता आमची माणसं पाठवणारे तुम्ही कोण, याचं.

आपण पारतंत्र्यात होतो, म्हणून आपल्याला कोणी विचारलं नाही. पण स्वतंत्र देशात, निवडून आलेलं सरकार असताना, तरी विचारतात का? हेच मेन्झिस १९६५ साली पुन्हा पंतप्रधान होते. पुन्हा एका बड्या मित्राचं युद्ध होतं. फक्त मित्र बदलला होता.

मित्र का बदलला?

आता ऑस्ट्रेलियाच्या जागी स्वतःला ठेवून बघा. खंडाएवढा देश, लोकसंख्या साठच्या दशकात जेमतेम एक कोटी पंधरा लाखांच्या आसपास. मूळ नातं, भाषा, राजमुकुट, सगळं ब्रिटनशी, आणि ब्रिटन जगाच्या दुसऱ्या टोकाला. संरक्षणाची सगळी भिस्त एका गृहीतावर होती: सिंगापूरला ब्रिटिश आरमाराचा तळ आहे, तो पडणार नाही.

१५ फेब्रुवारी १९४२ रोजी तो पडला. जपान्यांच्या हाती जे युद्धकैदी लागले त्यांत सुमारे पंधरा हजार ऑस्ट्रेलियन होते. चारच दिवसांनी, १९ फेब्रुवारीला, डार्विन बंदरावर बाँब पडले. त्यांचे पंतप्रधान जॉन कर्टिन यांनी त्याआधीच, डिसेंबर १९४१मध्ये, जाहीरपणे लिहिलं होतं की यापुढे ऑस्ट्रेलिया अमेरिकेकडे बघेल. हे सगळं ज्यांनी डोळ्यांनी पाहिलं, तीच पिढी १९६५ साली सत्तेवर होती. मध्ये फक्त तेवीस वर्षं गेली होती. त्यामुळे 'हे लोक उगाच घाबरट होते' असं आज आरामात बसून म्हणणं सोपं आहे, पण ते खरं नाही. त्यांची भीती अनुभवातून आलेली होती.

१९५१ साली ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि अमेरिका यांच्यात करार झाला. इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याला 'अँझुस' म्हणतात. पण करार काय म्हणतो ते नीट वाचायला हवं. तो म्हणतो, पॅसिफिक भागात आमच्यापैकी कोणावर सशस्त्र हल्ला झाला तर तो सगळ्यांच्याच शांततेला धोका मानला जाईल, आणि प्रत्येक जण आपापल्या घटनात्मक पद्धतीनुसार पाऊल उचलेल. आपापल्या पद्धतीनुसार! म्हणजे अमेरिका धावत येईलच, असं त्यात कुठेही लिहिलेलं नाही. वकिलांच्या भाषेत, पळवाट आहे.

आणि नेमकी तेव्हाच शेजारी आग लागली होती. इंडोनेशियाचे सुकार्नो नव्यानं झालेल्या मलेशियाशी झगडत होते. ऑस्ट्रेलियाच्या ताब्यातल्या न्यू गिनीची सीमा आता इंडोनेशियाला लागून होती. उद्या तिथे काही पेटलं तर अमेरिका येईल का, ही कॅनबेरातली खरी काळजी होती. व्हिएतनाम ही मुख्य काळजी नव्हतीच.

आज मला जे सांगायचंय त्याचं मूळ इथे आहे. मित्राच्या युद्धात जायचं की नाही हे ठरवताना राज्यकर्ते बहुतेक वेळा त्या युद्धाकडे बघतच नाहीत. ते मित्राकडे बघतात. हे युद्ध जिंकता येईल का, ते योग्य आहे का, संपणार कधी, हे प्रश्न मागे पडतात. 'आपण गेलो नाही तर उद्या तो आपल्यासाठी येईल का?' हा एकच प्रश्न उरतो. युद्ध म्हणजे विम्याचा हप्ता होऊन बसतो.

मी हा शब्द उगाच वापरत नाही. मे १९६४मध्ये वॉशिंग्टनच्या ऑस्ट्रेलियन वकिलातीतले अ‍ॅलन रेनूफ यांनी मायदेशी जे कळवलं, त्याचा मथितार्थ असा: व्हिएतनाममध्ये फारसा खर्च न करता अमेरिकेकडे आपली बरीच पत जमा करता येईल. किती स्वच्छ हिशेब आहे बघा! व्हिएतनामी माणूस या हिशेबात कुठेच नाही.

वरातीमागून घोडं

आता १९६५च्या एप्रिल महिन्यात येऊ. तोपर्यंत ऑस्ट्रेलियाचे थोडे लष्करी प्रशिक्षक व्हिएतनाममध्ये होते. १९६२ साली पहिली तीसेक माणसं गेली होती. डिसेंबर १९६४मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष जॉन्सन यांनी मेन्झिस यांना पत्र लिहून मदत मागितली, पण ती मुख्यतः आणखी प्रशिक्षकांची. लढाऊ पलटण पाठवा, असं त्या पत्रात नव्हतं. ८ मार्च १९६५ला अमेरिकेचे मरीन सैनिक दा नांगच्या किनाऱ्यावर उतरले. महिनाअखेरीस होनोलुलूला दोन्हीकडच्या लष्करी अधिकाऱ्यांची बोलणी झाली. आणि ७ एप्रिलला ऑस्ट्रेलियन मंत्रिमंडळाच्या परराष्ट्र आणि संरक्षण समितीनं ठरवलं: एक पायदळ पलटण देऊ करायची.

आता क्रम बघा. आधी कॅनबेरानं ठरवलं. मग वॉशिंग्टननं 'उत्तम' म्हटलं. आणि ज्या देशात ही पलटण जाऊन लढणार, त्या दक्षिण व्हिएतनामची विनंती? ती अजून आलेलीच नव्हती! कायद्याला आणि लोकलाजेला धरून जायचं तर यजमानाचं आमंत्रण लागतं. मग सायगावमध्ये धावपळ सुरू झाली. तिथले पंतप्रधान फान हुई क्वात यांच्याकडून पत्र मिळवायचं होतं. ते कॅनबेराला पोचलं २९ एप्रिलला, घोषणेच्या दिवशीच, अगदी काही तास आधी. त्या रात्री मेन्झिस संसदेत उभे राहिले आणि म्हणाले, दक्षिण व्हिएतनाम सरकारची विनंती आमच्याकडे आली आहे.

शब्दशः बघितलं तर हे खोटं नाही. पत्र आलं होतं. पण आपल्याकडे याला वरातीमागून घोडं म्हणतात. ऐकणाऱ्याला वाटणार, की संकटात सापडलेल्या छोट्या देशानं हाक मारली आणि आम्ही ओ दिली. प्रत्यक्षात ओ आधी दिली होती, हाक नंतर मागवून घेतली. कागदपत्रं उघड झाल्यावर तिथल्या इतिहासकारांनी ही तारखांची साखळी जुळवली, तेव्हा लोकांना जास्त लागलं ते हेच.

त्या भाषणात मेन्झिस यांनी कारण काय दिलं? की दक्षिण व्हिएतनाम पडलं तर तो ऑस्ट्रेलियाला आणि दक्षिण व आग्नेय आशियातल्या सगळ्या देशांना थेट लष्करी धोका ठरेल. हिंदी महासागर आणि पॅसिफिक यांच्या मधून कम्युनिस्ट चीन जी मुसंडी मारतोय, तिचाच हा भाग आहे. हातात जणू नकाशा, आणि त्यावर उत्तरेकडून खाली येणारे बाण. विम्याच्या हप्त्याबद्दल भाषणात चकार शब्द नव्हता. आत एक कारण, बाहेर दुसरं.

निर्णय जाहीर झाला तेव्हा तो होऊन गेलेला होता. संसदेनं तो घ्यायचा नव्हता, फक्त ऐकायचा होता. २७ मे रोजी 'सिडनी' नावाच्या जहाजातून पहिल्या पलटणीतले लोक निघाले. पलटणीत एकूण आठशेच्या आसपास माणसं होती.

लाकडी गोट्या

विरोधी मजूर पक्षाचे नेते होते आर्थर कॉलवेल. ४ मे १९६५ रोजी ते बोलायला उभे राहिले. त्यांनी स्पष्ट सांगितलं, की आमचा या निर्णयाला संपूर्ण विरोध आहे. त्यांचं म्हणणं असं: हे मुळात यादवी युद्ध आहे, ते फक्त लष्करी बळानं सुटणार नाही, अमेरिका त्यात रुतत जाईल, आणि आज पलटण गेली की उद्या आणखी मागतील, मग सक्तीनं भरती केलेली मुलं पाठवावी लागतील. आणि शेवटी ते आपल्या पक्षाकडे वळून म्हणाले, की आता ढोल वाजतील, तुम्हाला देशद्रोही म्हणतील, तेव्हा डगमगू नका. आम्ही अमेरिकेचे मित्र आहोत म्हणूनच तिला हे सांगतो आहोत, हाही त्यांचा मुद्दा होता. मला तो महत्त्वाचा वाटतो. मित्राला 'तू चुकतोयस' हे सांगणं ही मैत्रीच असते.

कॉलवेल यांनी सांगितलेली शेवटची गोष्ट वर्षाच्या आत खरी झाली. सक्तीच्या भरतीचा कायदा १९६४ अखेरीसच झाला होता आणि पहिली सोडत निघाली १० मार्च १९६५ला. पद्धत अशी: वीस वर्षांच्या प्रत्येक मुलानं नाव नोंदवायचं. पिंपात लाकडी गोट्या, प्रत्येक गोटीवरच्या आकड्याला एक जन्मतारीख. ज्या तारखेची गोटी बाहेर येईल त्या दिवशी जन्मलेल्या मुलांनी, वैद्यकीय तपासणीत पास झाल्यास, दोन वर्षं सैन्यात जायचं. आपल्याकडे घराची सोडत निघते ना, तशी इथे युद्धाची. १९७२ पर्यंत सुमारे ६३ हजार सातशे तरुण असे सैन्यात घेतले गेले, त्यातले पंधरा हजारांवर व्हिएतनामला गेले.

आणि मतदानाचं वय किती होतं? २१. म्हणजे पिंपात ज्याची तारीख पडायची, त्या वीस वर्षांच्या पोराला हे सरकार निवडण्यात किंवा पाडण्यात मत नव्हतं.

गंमत म्हणा किंवा खेद म्हणा, याच ऑस्ट्रेलियात पहिल्या महायुद्धाच्या वेळी, परदेशातल्या लढाईसाठी सक्तीची भरती करावी का, हा प्रश्न जनतेला थेट मतदानानं विचारला गेला होता. एकदा नाही, दोनदा, १९१६ आणि १९१७ साली. दोन्ही वेळा लोकांनी 'नाही' म्हटलं. पन्नास वर्षांनी मात्र कोणी विचारलं नाही.

मेन्झिस जानेवारी १९६६मध्ये निवृत्त झाले. त्यांच्या जागी आलेल्या हॅरॉल्ड होल्ट यांनी मार्चमध्ये साडेचार हजारांचं दल पाठवायचं ठरवलं, सोडतीतल्या मुलांसकट. पुढे व्हाइट हाउसच्या हिरवळीवर उभं राहून, जॉन्सन यांच्याबरोबर आम्ही शेवटपर्यंत आहोत, असं ते बोलून गेले. १८ ऑगस्ट १९६६ला लाँग तान इथल्या रबराच्या मळ्यात, धो धो पावसात, शंभरावर माणसांची एक ऑस्ट्रेलियन तुकडी कितीतरी मोठ्या फौजेशी लढली. १८ जण गेले. त्यातले ११ सोडतीतले.

आता तुम्ही म्हणाल, मग लोक चिडले असतील. नाही! नोव्हेंबर १९६६च्या निवडणुकीत होल्ट प्रचंड बहुमतानं जिंकले आणि कॉलवेल यांचा पक्ष सपाटून हरला. हे मुद्दाम सांगतो, कारण आपल्याला वाटतं, चुकीच्या निर्णयाला जनता लगेच शिक्षा करते. तसं होत नाही. सुरुवातीला झेंडा असतो, बँड असतो. हिशेब नंतर येतो. मे १९७०मध्ये मेलबर्नच्या रस्त्यांवर युद्धाविरुद्ध सत्तर हजारांहून अधिक लोक उतरले, तेव्हा कॉलवेल यांच्या भाषणाला पाच वर्षं झाली होती.

नाही म्हणणारा मित्र

'पण दुसरा पर्याय काय होता?' हा बचाव नेहमी केला जातो. त्याची परीक्षा घ्यायला इतिहासानं आपल्याला एक जोडी दिली आहे. त्याच वेळी, त्याच अमेरिकेनं, आणखी एका जिवलग मित्राकडे सैन्य मागितलं होतं. तो मित्र म्हणजे ब्रिटन.

हॅरॉल्ड विल्सन ऑक्टोबर १९६४मध्ये चार जागांच्या बहुमतावर पंतप्रधान झाले होते. पौंड गडगडत होता, तो सावरायला अमेरिकेची मदत लागत होती. म्हणजे ऑस्ट्रेलियापेक्षा त्यांचे हात जास्तच दगडाखाली होते. डिसेंबर १९६४मध्ये जॉन्सन यांनी त्यांच्याकडे थोडंसं, नावापुरतं का होईना, सैन्य मागितलं. जॉन्सन यांचे सल्लागार मॅकजॉर्ज बंडी यांनी तर १९६५च्या जुलैमध्ये अध्यक्षांना लिहून दिलं, की व्हिएतनाममध्ये ब्रिटनची एक ब्रिगेड आली तर पौंडाच्या संकटात ती अब्ज डॉलरच्या मोलाची ठरेल.

विल्सन यांनी काय केलं? त्यांनी शब्दांनी पाठिंबा दिला, सैनिक दिला नाही. कारणं तयार होती. १९५४च्या जिनिव्हा परिषदेचे आम्ही रशियाबरोबर सहअध्यक्ष आहोत, आम्हाला मध्यस्थी करायची आहे. शिवाय मलेशियात आमचे हजारो सैनिक आधीच गुंतलेले आहेत. फेब्रुवारी १९६५मध्ये विल्सन यांनी रात्री फोन करून 'मी भेटायला येऊ का' असं विचारलं, तेव्हा जॉन्सन भडकले. मलेशिया कसा चालवायचा हे मी तुम्हाला सांगत नाही, व्हिएतनाम कसा चालवायचा हे तुम्ही मला सांगू नका, असा त्यांचा सूर होता. तरी विल्सन हलले नाहीत. त्यांच्या पक्षातल्या डाव्या गटाला ते नुसता शाब्दिक पाठिंबा देत होते हेसुद्धा खपत नव्हतं. शूर म्हणावं असं त्यात काही नव्हतं. टोलवाटोलवी होती. पण एकही ब्रिटिश पलटण गेली नाही.

मग मैत्री तुटली का? अमेरिकी पाणबुड्यांवरची पोलॅरिस क्षेपणास्त्रं ब्रिटनला ठरल्याप्रमाणे मिळाली. गुप्त माहितीची देवाणघेवाण चालू राहिली. नाटो होती तिथेच होती. कटुता आली, अमेरिकन मंत्री कुरकुरले, बस्स. न्यूझीलंडनं तिसरी वाट धरली: नाखुशीनं एक तोफखाना तुकडी पाठवली, पुढे थोडं पायदळ, पण सक्तीच्या भरतीतला एकही मुलगा नाही. म्हणजे 'सगळं द्या नाहीतर मैत्री गेली' असा पेच नव्हताच. मध्ये बऱ्याच पायऱ्या होत्या.

आणि ऑस्ट्रेलियाच्या विम्याचं काय झालं? जुलै १९६९मध्ये नवे अध्यक्ष निक्सन यांनी ग्वाम बेटावर जाहीर केलं, की आशियातल्या मित्रांनी यापुढे आपलं रक्षण मुख्यतः स्वतःच करावं. हप्ते भरून झाले, आणि कंपनीनं अटी बदलल्या! त्याहून मोठा विरोधाभास असा, की ज्या इंडोनेशियाच्या भीतीनं हे सगळं केलं, तिथे सुकार्नो यांची सत्ता १९६५-६६मध्येच संपत आली आणि मलेशियाशी तंटा मिटला. मूळ काळजी गेली, युद्ध राहिलं. डिसेंबर १९७२मध्ये गॉफ व्हिटलम सत्तेवर आले आणि त्यांनी पहिल्याच दिवसांत सक्तीची भरती बंद केली. तोवर साठ हजारांच्या आसपास ऑस्ट्रेलियन तिथे जाऊन आले होते. पाचशेवर मृत्यू, तीन हजारांवर जखमी. मेलेल्यांमध्ये दोनशेच्या आसपास सोडतीतले.

एक चिठ्ठी आली आहे, वाचून दाखवतो. 'भारतावर अशी वेळ कधी आली होती का?' चांगला प्रश्न आहे. भारताचा अमेरिकेशी असा करार नाही, त्यामुळे तंतोतंत तुलना नको. पण २००३ साली इराकमध्ये अमेरिकेला सैन्य हवं होतं आणि तिनं भारताकडे एका डिव्हिजनएवढ्या, म्हणजे पंधरा-वीस हजारांच्या दलाची अपेक्षा ठेवली होती. आपल्याकडेही तेव्हा अगदी हाच युक्तिवाद झाला: गेलो तर पत वाढेल, जवळीक वाढेल. काही आठवडे उघडपणे उलटसुलट चर्चा झाली, विरोधी पक्षांशी बोलणी झाली. १४ जुलै २००३ रोजी वाजपेयी सरकारनं सांगितलं, संयुक्त राष्ट्रांचा स्पष्ट आदेश असेल तर विचार करू. म्हणजे सभ्य भाषेत नाही. आणि पाचच वर्षांनी, २००८ साली, त्याच अमेरिकेशी अणुकरार पूर्ण झाला. 'नाही'मुळे काही बिघडलं नाही.

मी असं म्हणत नाही, की मित्राच्या हाकेला कधीच जाऊ नये. १९३९ साली हिटलरविरुद्ध उभं राहणं योग्यच होतं. पण जाताना चार गोष्टी विचारायला हव्यात. हाक खरंच कोणी मारली? जाण्याचं जे कारण बंद खोलीत बोललं गेलं, तेच बाहेर सांगितलं जातंय का? थोडं देऊन किंवा न देऊन मैत्री टिकणार नाही, हे कोणी तपासलंय का? आणि ज्याला पाठवायचंय, त्याला विचारलंय का? १९३९ साली खेरांच्या मंत्रिमंडळानं ज्या प्रश्नावर खुर्ची सोडली, तो हाच होता. पिंपातून गोटी काढण्याआधी तो विचारायचा असतो. नंतर विचारून उपयोग नसतो.